गाडी, बर्फपेटी आणि ओली जमीन: घरच्या गॅरेजच्या कोब्याला लेप कोणता लावायचा, कधी लावायचा



आपल्या बालाघाट जिल्ह्यात आता बऱ्याच मासेमार घरांच्या पडवीत गाडी उभी असते. कोणाची बर्फपेटीवाली मोटारसायकल, कोणाचा तीनचाकी टेम्पो, कोणाचा छोटा हत्ती. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात बर्फपेटीसहित मोटारसायकल आणि तीनचाकीला अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. गाडी आली, तिच्यासाठी टिनाचं छप्पर झालं, शटर लागलं. खालची जमीन मात्र राहून गेली तशीच. साधा सिमेंटचा कोबा.

त्या कोब्यावर रोज काय पडते ते पहा. बर्फाचं पाणी, माशाचं रक्त, खवले, चरबी, त्यात इंजिनचं तेल आणि चाकाला लागून आलेला चिखल. सिमेंटात चुना असतो. माशाची चरबी सडली की तिचं आम्ल होते आणि ते आम्ल त्या चुन्याला हळूहळू खाते. वरची साय निघून जाते, रेती उघडी पडते, मग गिट्टी. भेगेत आणि खड्ड्यात पाणी साचते, वास बसतो, माशा येतात. शेवटी कितीही फिनाईल टाका, वास जात नाही, कारण घाण वर नसून आत मुरलेली असते.

म्हणून हल्ली प्रश्न येऊन राहिला: "भाऊ, एपॉक्सी मारून घेऊ का?" उत्तर हो पण आहे आणि नाही पण. ते तुमच्या जमिनीवर अवलंबून आहे. आजच्या लेखात तेच नीट समजून घेऊ.

बंदीच्या दिवसांत हे काम करू नका

सर्वात महत्त्वाची गोष्ट पहिले सांगतो. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. गाडी उभी, हात मोकळे. घराची डागडुजी आपण याच दोन महिन्यांत काढतो. जाळी विणणे, डोंग्याची दुरुस्ती, सगळं ठीक. पण जमिनीचा लेप लावायला वर्षातले हेच दोन महिने सर्वात वाईट.

कारण साधं आहे. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतोच, पण खरी ओल खालून येते. जमिनीतलं पाणी कोब्याच्या बारीक छिद्रांतून वर चढते आणि वाफ होऊन निघून जाते. आपल्याला ते दिसत नाही. वर एपॉक्सीचा बंद थर दिला की वाफेला वाट मिळत नाही. ती थराला खालून ढकलते. फोड येतात, पापुद्रे निघतात आणि गाडीचं चाक फिरलं की अख्खा तुकडा उचलून येतो. वैनगंगा, बाघ, बावनथडी यांच्या काठच्या गावांत आणि धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या घरांत पाण्याची पातळी पावसाळ्यात अगदी वर असते. तिथे हा धोका जास्त.

उन्हाळा तर कोरडा असतो, मग मे महिना कसा? तोही नको. टिनाच्या छपराखाली मे मध्ये पारा ४० च्या पार जातो. एपॉक्सी उन्हात इतकी लवकर आवळते की रोलर फिरवायलाही वेळ मिळत नाही. बहुतेक माल १० ते ३५ अंशांच्या मधे लावायचा असतो.

डिसेंबर-जानेवारीत रात्री फार थंडी आणि पहाटे दव. एपॉक्सी थंडीत वाळत नाही, आणि ओल्या थरावर दव पडलं की पांढरट चिकट साय येते. तिच्यावर दुसरा हात धरत नाही. म्हणून आपल्याकडे खरे दिवस दोन: पाऊस संपून जमीन वाळल्यावर नोव्हेंबर, आणि मग फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. तेव्हा गाडी आठ-दहा दिवस बाहेर ठेवावी लागेल, धंद्याची थोडी ओढाताण होईल. पण दोनदा खर्च करण्यापेक्षा ते बरं.

पहिले जमीन पहा, मग डबा आणा

दुकानात जायच्या आधी घरी चार तपासण्या करा. एक रुपया लागत नाही.

१. ओलीची तपासणी. दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्या. कोब्यावर ठेवून चारही बाजू चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. किमान १६ तास, जमलं तर पूर्ण एक दिवस-रात्र ठेवा. मग उचला. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर ओल खालून येत आहे. ही तपासणी दोन-तीन ठिकाणी करा: एक भिंतीजवळ, एक मधात. आणि जमलं तर दोनदा करा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कोरडी निघालेली जमीन ऑगस्टमध्ये ओली असू शकते. अशा जमिनीवर फेब्रुवारीत लावलेला थर ऑगस्टमध्ये उठतो. बंदीच्या दिवसांत करायचं खरं काम ही तपासणी आहे.

२. खिळ्याची तपासणी. खिळ्याने कोबा जोरात ओरखडा. नुसती पांढरी रेघ उमटली तर कोबा मजबूत. रेती सुटून खाच पडली तर कोबा कमजोर. कमजोर कोब्याला कितीही भारी लेप धरणार नाही. लेप कोब्याला धरतो आणि कोबाच खालून सुटतो.

३. पाण्याच्या थेंबाची तपासणी. थोडं पाणी टाका. मिनिटभरात मुरलं तर ठीक. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर तेल, चरबी किंवा जुना रंग आहे.

४. उताराची तपासणी. बादलीभर पाणी ओता आणि पहा कुठे साचते. लेपाने उतार येत नाही. १५ फूट लांबीला सव्वादोन इंच उतार असला की पाणी आपोआप दाराकडे जाते. उतार नसेल तर तो आधी करून घ्या.

कोबाच खराब असेल तर नवा टाकावा लागतो. तेव्हा एक चूक टाळा: खाली प्लास्टिक न टाकता थेट भरावावर काँक्रीट ओतणे. १००० गेजचं प्लास्टिक आधी अंथरा, सांधे एकावर एक चढवा, त्यावर ४ इंच काँक्रीट. ओल कायमची थांबवायचा सर्वात स्वस्त उपाय तोच आहे, आणि तो नंतर करता येत नाही. नवा कोबा किमान २८ दिवस पक्का होऊ द्या. पण पक्का होणे वेगळे आणि वाळणे वेगळे. वाळायला साधारण एका इंचाला एक महिना धरा.

लेपाचे प्रकार: कोणता कोणासाठी

ऑइल पेंट: नको. पडलेला असतो म्हणून बरेच लोक हाच मारतात. सिमेंटचा चुना आणि रंगातलं तेल मिळून साबण तयार होतो. काही महिन्यांत रंग मऊ पडून सुटतो. दारा-खिडक्यांसाठी तो चांगला आहे, कोब्यासाठी नाही.

मुरणारा लेप, म्हणजे सीलर. हा वर थर करत नाही, आत जातो. याचे दोन प्रकार. एक सिलिकेटचा, ज्याला हार्डनर किंवा डेन्सिफायर म्हणतात. तो कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी मिळून छिद्रं भरतो. कोबा कडक होतो, धूळ उडणे थांबते. दुसरा सिलेन-सिलोक्सेनचा. तो छिद्रांच्या आतून अस्तर लावतो, पाणी आत जात नाही, पण वाफ बाहेर येऊ शकते. म्हणूनच ज्यांच्या जमिनीत ओल आहे त्यांच्यासाठी हाच मार्ग. फोड येत नाहीत, पापुद्रे निघत नाहीत, लावायला सोपा, खर्च कमी. उणीव अशी की चमक नाही, तेलाचा डाग पूर्ण थांबत नाही, आम्लापासून बचाव थोडाच, आणि काही वर्षांनी परत लावावा लागतो.

एपॉक्सी. दोन डबे असतात, रेझिन आणि हार्डनर. मिसळले की रासायनिक क्रियेने कडक होते. तेल, चरबी, रक्त, साबण, सगळं वरच्या वर पुसून निघते. जमीन कोरडी आणि मजबूत असेल तर मासे वाहणाऱ्या गाडीच्या गॅरेजला हा सर्वात चांगला पर्याय. पाण्यातली एपॉक्सी पातळ असते, थर बारीक बसतो. गरम टायर त्यावर उभा राहिला की चिकटून उचलते. जाड थराची, विना-थिनर एपॉक्सी टिकते. ऊन मात्र तिला सोसत नाही: पिवळी पडते, खडूसारखी भुकटी सुटते. ज्यांचं गॅरेज पुढून उघडं आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. उन्हाला टिकते, ओरखड्याला चांगली. साधारणपणे एपॉक्सीच्या वर शेवटचा हात म्हणून लावतात. उघड्या गॅरेजला हा हात घ्या.

पीयू-सिमेंट. मासळी प्रक्रिया कारखान्यांत, जिथे रोज गरम पाण्याने धुलाई होते, तिथे हा काही मिलिमीटर जाडीचा थर टाकतात. घरी एवढ्याची गरज नाही. संस्थेची मासळी निवडायची, तोलायची शेड असेल तर मात्र कारागिराकडून याचा भाव जरूर विचारा.

थोडक्यात: ओल आहे तर मुरणारा सीलर. ओल नाही आणि कोबा मजबूत आहे तर जाड एपॉक्सी. ऊन येते तर वर पीयू. कोबा कमजोर आहे तर पहिले कोबा.

साफसफाई: खरं काम इथेच

लेप सुटला की लोक कंपनीला दोष देतात. बऱ्याचदा दोष जमिनीच्या तयारीत असतो.

आधी चरबी आणि तेल काढा. धुण्याचा सोडा गरम पाण्यात टाकून, कडक ब्रशने घासा. सोड्याने माशाच्या चरबीचा साबण होतो आणि ती धुऊन निघते. इंजिनच्या तेलावर डिटर्जंट आणि लाकडाचा भुसा वापरा, भुसा तेल ओढतो. दोन-तीनदा करा. मग परत पाण्याचा थेंब टाकून पहा.

नंतर वरची गुळगुळीत साय काढावी लागते, म्हणजे लेपाला पकड मिळते. यासाठी डायमंड कप लावलेला ग्राइंडर भाड्याने आणा. हात फिरवला तर सँडपेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. ही धूळ फार वाईट. तिच्यातली सिलिका फुफ्फुसात बसली की निघत नाही. भरवेली-मलाजखंडच्या खाणपट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गमछा पुरत नाही, एन-९५ मास्क लावा, चष्मा लावा, लेकरांना दूर ठेवा.

बरेच मिस्त्री ग्राइंडरऐवजी ॲसिड टाकतात. आपण ते टाळावं. ॲसिड चरबीवर काम करत नाही. नीट धुतलं नाही तर त्याचे क्षार मागे राहतात आणि लेप सुटतो. आणि तिसरं कारण आपल्या पोटाचं आहे: ते पाणी जाते कुठे? नालीतून बोडीत, बोडीतून तळ्यात. पाण्याचा पीएच ४ च्या खाली गेला की मासे मरतात, आणि ११ च्या वर गेला तरी मरतात. ॲसिड खाली नेते, सिमेंटचं धुणं वर नेते. बीज सोडलेल्या लहान डबक्याला एवढं पुरे. ॲसिड कोणी वापरतच असेल तर पाण्यात ॲसिड टाका, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा लावा, आणि धुण्याआधी सोड्याने आम्ल मारा.

भेगा व्ही आकाराच्या करून एपॉक्सी पुट्टीने भरा. पण काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधला मुद्दाम ठेवलेला सांधा कडक पुट्टीने भरू नका. तो उन्हा-थंडीत हलतो, त्याला लवचीक सीलंट लागते. शेवटी झाडू, मग व्हॅक्यूम किंवा ओल्या कपड्याने पुसून पूर्ण एक-दोन दिवस वाळू द्या.

माल किती लागेल

हिशोब सोपा आहे. १ लिटर माल १०० मायक्रॉन जाडीने १० चौरस मीटर जमीन झाकतो. तुमचं गॅरेज १० फूट बाय १५ फूट असेल तर ते १५० चौरस फूट, म्हणजे १४ चौरस मीटर. वाळल्यावर २०० मायक्रॉन थर पाहिजे असेल तर २.८ लिटर लागेल. नासाडी धरून सव्वातीन लिटर.

पण डब्यात किती टक्के घट्ट माल आहे ते वाचा. अर्धा थिनर किंवा पाणी असेल तर तेवढं उडून जाईल आणि त्याच थरासाठी ५.६ लिटर लागेल, नासाडी वेगळी. म्हणून डब्याच्या किमतीवर जाऊ नका. स्वस्त डबा कधी कधी महाग पडतो. कारागिराने भाव दिला तर त्याला विचारा: "वाळल्यावर किती मायक्रॉन?" आणि ते कागदावर लिहून घ्या.

मिसळणे आणि लावणे

इथे एफआरपी नावेची दुरुस्ती करणाऱ्या भावांनी विशेष लक्ष द्यावं. नावेच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये आपण हवामान पाहून हार्डनर थोडा कमी-जास्त करतो. एपॉक्सीत तसं चालत नाही. तिच्यात हार्डनर हा अर्धा भागीदार आहे. जेवढं प्रमाण डब्यावर लिहिलं तेवढंच. कमी टाकलं तर चिकट राहील, जास्त टाकलं तरी कमजोर होईल. लवकर वाळावी म्हणून दोन थेंब जास्त, हे इथे नाही.

तीन मिनिटे हळू मिसळा, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून परत मिसळा, म्हणजे काठाचा कच्चा माल जमिनीवर येत नाही. मिसळलेला माल बादलीत ठेवून चहा प्यायला जाऊ नका. बादलीत तो स्वतःच्या गरमीने तापतो आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात, उन्हाच्या दिवसांत त्याहून लवकर, दगड होतो. लगेच जमिनीवर पट्टी ओता आणि रोलरने पसरवा. एकटा माणूस नको, दोघं पाहिजेत: एक मिसळणारा, एक पसरवणारा.

वेळ कोणती? सकाळी ऊन चढत असताना लावलं तर कोबा तापतो, छिद्रातली हवा फुगून वर येते आणि थराला सुईसारखी भोकं पडतात. दुपार कलल्यावर, कोबा थंड होऊ लागला की सुरू करा: नोव्हेंबरात तीनच्या सुमारास, मार्चात चारनंतर.

पहिला हात प्रायमरचा. तो ओला असतानाच वरून बारीक, कोरडी क्वार्ट्झ रेती भुरभुरा. हे सोडू नका. गुळगुळीत एपॉक्सीवर बर्फाचं पाणी आणि माशाचा चिकटपणा पडला की पाय घसरतोच. भरलेला क्रेट हातात घेऊन पडलेल्या माणसाचा हंगाम जातो. नदीची रेती वापरू नका, तिच्यात माती, अभ्रक आणि ओल असते. दुसऱ्या दिवशी सुटी रेती झाडून वरचा हात द्या. दोन हातांत किती अंतर ते डब्यावर असते. बहुधा १२ ते २४ तास. त्याहून उशीर झाला तर घासूनच दुसरा हात द्यावा लागतो.

पायी चालायला साधारण एक दिवस, गाडी उभी करायला सात दिवस. तोपर्यंत बर्फपेटी, क्रेट, पाणी, काही नको.

अंगाची आणि पाण्याची काळजी

हार्डनर कातडीला लागला की काही जणांना खाज, पुरळ उठते. एकदा ही ॲलर्जी बसली की जन्मभर राहते. नायट्राइलचे हातमोजे घाला, हात थिनरने धुऊ नका, साबणाने धुवा. थिनरवाला माल असेल तर शटर उघडं ठेवा, बिडी-काडी बंद.

उरलेला कच्चा माल नालीत, नदीत टाकू नका, रोलर तळ्यावर धुऊ नका. पातळ एपॉक्सी पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. उरलेलं रेझिन आणि हार्डनर प्रमाणात मिसळून, थोडं थोडं, रेतीवर ओतून कडक होऊ द्या. मग तो दगड कचऱ्यात जाऊ शकतो. आणि लेप लागला तरी मासळी थेट जमिनीवर टाकायची नाही. लेप जमीन वाचवतो, मासळी ठेवायची जागा क्रेटच.

लावल्यावर सांभाळणं सोपं आहे. रोज गाडी लावल्यावर पाणी आणि साध्या साबणाने धुवा, ब्रशने दाराकडे ओढा. ॲसिड, तारेचा ब्रश नको. जॅक लावताना खाली फळी ठेवा. कुठे कपचा उडाला तर तेवढीच जागा घासून लगेच भरा, नाहीतर त्याच वाटेने पाणी थराखाली शिरते.

या वर्षी बंदीच्या दिवसांत एक काम करा. दीड फूट प्लास्टिक आणि चिकटपट्टी आणा, गॅरेजमध्ये एक रात्र लावा, आणि सकाळी जे दिसेल ते तारखेसहित भिंतीवर लिहून ठेवा. नोव्हेंबरात दुकानदार कितीही भारी डबा दाखवो, कोणता घ्यायचा हे तुमच्या भिंतीवर आधीच लिहिलेलं असेल.